ट्रान्सफॉर्मर फिगरचं परीक्षण: पहिल्या रूपांतराआधीच अर्धं काम उरकायला हवं

ट्रान्सफॉर्मर म्हणजे भाग फिरवून रोबोटचं वाहन आणि वाहनाचा पुन्हा रोबोट करता येणारं खेळणं. या फिरवण्यालाच रूपांतर म्हणतात. बॉक्स फोडला की हात थेट रूपांतराकडे जातात, आणि परीक्षण तिथेच बिघडतं. तासाभराने फोटो काढायला बसावं तर खांद्यावरचा रंग घासलेला असतो, एक बिजागरी सैल वाटत असते, काचेच्या भागावर पांढरी रेघ उमटलेली असते. हे कारखान्यातून आलं की आपल्या बोटांनी झालं, याचं उत्तर आता कुणालाच देता येत नाही. तरीही लेखात ‘रंगकाम कमकुवत, जॉइंट सैल’ असं छापलं जातं आणि कुणीतरी त्या एका वाक्यावर विसंबून काही हजार रुपयांचा निर्णय घेतो.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. काय तपासायचं ते बहुतेकांना ठाऊक असतं, पण ते कधी तपासायचं इथे घोळ होतो. उदाहरणासाठी हॅसब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीच्या जनरेशन्स मालिकेतली व्हॉयेजर क्लासची (क्लास म्हणजे आकाराचा गट) फिगर समोर ठेवली आहे, ऑप्टिमस प्राइमसारखा ट्रक-रोबोट. इतर कंपन्यांच्या रूपांतर होणाऱ्या रोबोटनाही हाच क्रम चालतो.

## १. टेबल मांडून घ्या

बॉक्स आणण्याआधी एवढं जवळ असू द्या: फूटपट्टी (वर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम), स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, बारीक टोकाची कात्री, लहान फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, वही-पेन आणि मोबाइलसाठी ट्रायपॉड. टेबलावर फिक्या रंगाचं मऊ कापड अंथरा. ते गुळगुळीत नको, टॉवेलसारखं खरखरीत हवं. स्प्रिंगने उडणारी मूठ किंवा हातातून निसटलेली तलवार अशा कापडावर थांबते, फरशीवर पडली तर कपाटाखाली जाते.

नखं कापलेली असावीत. बॅटरीच्या टॉर्चपेक्षा खिडकीशेजारची जागा बरी. आणि दोन तास मोकळे हवेत. घाईत केलेलं पहिलं रूपांतर परत करता येत नाही.

आधी एवढं पाहा: फोनमध्ये जागा शिल्लक आहे का? पहिलं रूपांतर सलग चित्रित करायचं आहे. ते मध्येच तुटलं तर पुराव्याचा उपयोग राहत नाही.

## २. मोजपट्टी आधी ठरवा

डिलक्स फिगर साधारण साडेपाच इंचांची, व्हॉयेजर सातची आणि कोअर साडेतीनची. या आकारांत किंमत, भागांची संख्या आणि सांध्यांची संख्या सारखी असणारच नाही. कोअर क्लासच्या फिगरला कंबर फिरत नाही म्हणून गुण कापणं अन्याय आहे. त्याच कारणासाठी मास्टरपीसला, म्हणजे संग्राहकांसाठीच्या बारकाईच्या मालिकेला, सूट देणंही तितकंच चूक.

मास्टरपीसमध्येही मोजपट्टी एक नसते. टाकारा टोमी या जपानी कंपनीच्या २०११ च्या एमपी-१० मध्ये (एमपी म्हणजे मास्टरपीस; हा ऑप्टिमसच आहे) ट्रक आणि रोबोट या दोन्ही रूपांचा तोल साधायचा प्रयत्न दिसतो. २०१९ च्या एमपी-४४ मध्ये रोबोट कार्टूनसारखा दिसावा यासाठी भागांची गुंतागुंत खूप वाढवली आहे. २०२४ पासूनच्या मिसिंग लिंक या वेगळ्या मालिकेत जुन्या खेळण्याचं रूप तसंच ठेवून आत सांधे घातले आहेत. तिघांनाही ‘रूपांतर सोपं आहे का’ हा एकच प्रश्न लावला तर तिन्ही परीक्षणं फसतील.

म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत लिहा: ही फिगर काय व्हायचा प्रयत्न करते आहे? पुढचा प्रत्येक शेरा या ओळीशी ताडून पाहायचा.

## ३. बॉक्स

या टप्प्याला फार वेळ देऊ नका. वाचकाला बॉक्सच्या सहा बाजूंचे सहा फोटो नको असतात. त्याला चार गोष्टी हव्या असतात: बॉक्सवर छापलेला रूपांतराच्या पायऱ्यांचा आकडा, सोबतच्या वस्तूंची यादी, बॉक्स न फाडता उघडतो का, आणि खिडकीतून फिगरचा चेहरा दिसतो का. शेवटची गोष्ट दुकानात जाऊन घेणाऱ्यांसाठी महत्त्वाची, कारण डोळे नीट रंगवलेली फिगर निवडून घेता येते.

कागदी दोऱ्या कापताना कात्रीचं टोक फिगरपासून लांब ठेवा. दोरी ओढून तोडू नका. कोपराभोवती गुंडाळलेली दोरी ओढली की सगळा जोर नेमका सांध्यावर येतो. सुटे भाग काढल्यावर पुठ्ठ्याचे सगळे कप्पे एकदा चाचपून मगच बाजूला ठेवा. क्षेपणास्त्राचं टोक किंवा हातातलं लहान पिस्तूल हमखास पुठ्ठ्यासोबत रद्दीत जातं.

## ४. काहीही न फिरवता केलेली तपासणी

हा टप्पा सगळेच गाळतात. मला विचाराल तर खरं परीक्षण इथेच होतं.

हल्ली जनरेशन्सच्या बहुतेक फिगर बॉक्समध्ये रोबोट रूपात असतात. तशीच टेबलावर ठेवा. एकही सांधा न हलवता समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो काढा. मग जवळून आणखी काही: चेहरा, छाती, दोन्ही खांदे, गुडघे आणि प्रत्येक पारदर्शक भाग. कारखान्यातून माल कसा आला याची ही एकमेव नोंद.

आता हे पाहा:

- चुकीची जोडणी. दोन्ही पायांत डावाच भाग बसवलेला, मांडीचा तुकडा उलटा लागलेला, हे अधूनमधून होतं. डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी जुळते का ते पाहा. स्क्रूची डोकी दोन्ही बाजूंना सारख्याच दिशेला आहेत का, हीही चांगली खूण.
- रंग. कडांवरून ओघळ, धुळीचा कण अडकून आलेला उंचवटा, चिन्हाचा छाप तिरका. प्लॅस्टिकचा मूळ रंग आणि वर मारलेला रंग यांत फरक पडतो का? ट्रकच्या केबिनचा अर्धा लाल प्लॅस्टिकचा आणि अर्धा रंगाचा असेल तर उन्हात ते वेगळे दिसतात.
- वाकलेले मऊ भाग. शिंगं, तलवार, बंदुकीची नळी हे बहुधा मऊ पीव्हीसीचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात कुरिअरच्या गाडीतून आलेली तलवार वाकडी निघाली तर तो रचनेचा दोष नव्हे. गरम पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. मात्र लेखात ते नमूद करा.
- कारखान्याचा शिक्का. पायावर किंवा पाठीवर कॉपीराइटच्या मजकुराजवळ अंक उमटवलेले असतात. ते वहीत उतरवा. एकाच फिगरच्या पुढच्या खेपेत एखादा सांधा सुधारलेला असू शकतो. तुमचा शेरा कुठल्या खेपेचा आहे हे वाचकाला कळलं पाहिजे.

शेवटी उंची आणि वजन. उंची डोक्याच्या माथ्यापर्यंत मोजा. अँटेना किंवा खांद्यावरून वर आलेली धुराडी धरली तर शेल्फवर शेजारी काय उभं करायचं याचा वाचकाचा हिशेब चुकतो.

इशारा: या टप्प्यावर एखादा सांधा सैल दिसला तरी दुरुस्ती करू नका. तेल नको, सांधा घट्ट करायला काहीजण लावतात ते फ्लोअर पॉलिश नको, स्क्रू आवळणंही नको. दुरुस्त केलेल्या फिगरचं परीक्षण वाचकाच्या हातात येणाऱ्या फिगरला लागू पडत नाही.

## ५. पहिलं रूपांतर

कॅमेरा वरून लावा, चित्रण सुरू करा आणि सूचनापत्रिका उघडा. कितीही अनुभव असला तरी पहिल्या वेळी पत्रिकेप्रमाणेच जायचं. तुमचा वाचक पत्रिका घेऊनच बसणार आहे. ती समजते का, हेही परीक्षणात यायला हवं.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा सुटे भाग उतरवा. शस्त्रं, पाठीवरचे तुकडे, मुठीतल्या वस्तू. हे न करता कंबर फिरवली की बंदूक मांडीवर घासते आणि रंगावर पहिला ओरखडा उमटतो.

मग खुंट्या सोडवा, भाग नंतर फिरवा. रूपांतरात भाग एकमेकांना खुंटी आणि खाचेने अडकलेले असतात. बहुतेक मोडतोड खुंटी अर्धी अडकलेली असताना भाग फिरवल्यामुळे होते. भाग हलत नसेल तर जोर वाढवू नका. थांबा, फिगर उलटी करा आणि अजून काय अडकलं आहे ते शोधा.

आवाज ऐका. रॅचेट सांधा कटकट वाजत ठरावीक टप्प्यांवर थांबतो. साधा घर्षणाचा सांधा गप्प फिरतो. आवाज नसलेल्या सांध्यातून अचानक ‘टक्’ आला तर हात जागीच थांबवा.

पारदर्शक भाग कडेला धरा, मधोमध नको. पारदर्शक प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ असतं. त्यातून धातूची पिन जात असेल तर चीर पडायचा धोका तिथेच सर्वांत जास्त.

हे मी एका ट्रक-रोबोटवर शिकलो. छातीच्या दोन खिडक्यांमागे तांदळाच्या दाण्याएवढी पारदर्शक खुंटी होती. पत्रिकेतल्या चित्रात फिगर पाठीमागून दाखवली होती आणि बाणही त्याच बाजूचा होता. मी तो समोरून वाचला आणि खिडकी बाहेर ओढण्याऐवजी वर उचलली. काही मोडलं नाही, आवाजही आला नाही. फक्त खुंटीच्या मुळाशी केसाएवढी पांढरी रेघ उमटली. उजेडात तिरकं धरल्याशिवाय ती दिसतही नव्हती. आठवड्याने चौथ्या रूपांतरात खुंटी हातात आली. परीक्षणात मी ‘खिडकीची खुंटी कच्ची’ असं लिहिलं होतं. नंतर चित्रण पाहिल्यावर खरं कारण कळलं आणि मजकूर दुरुस्त करावा लागला. चित्रण नसतं तर तो खोटा दोष त्या फिगरच्या नावावर कायमचा राहिला असता.

अशी पांढरी रेघ म्हणजे प्लॅस्टिक ताणलं गेल्याची खूण. गडद रंगावर ती चटकन दिसते. पारदर्शक किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकवर मुद्दाम शोधावी लागते.

रूपांतर करताना लिहायला थांबू नका, मोठ्याने बोला. ‘अकरावी पायरी, मुठी आत वळत नाहीत, मनगट आधी फिरवावं लागलं.’ चित्रणात आवाज राहतो, वहीत नंतर उतरवता येतं.

तपासा: वाहन पूर्ण झाल्यावर सर्व बाजूंनी हलका दाब द्या. कुठे फट उरली असेल तर एखादी खुंटी बसलेली नाही. ‘फटी राहतात’ असं लिहिण्याआधी पत्रिकेची शेवटची तीन पानं पुन्हा पाहा. बॉक्सवरच्या अधिकृत फोटोतही कधीकधी रूपांतर अर्धवट झालेलं असतं, त्यामुळे फक्त त्यावर विसंबू नका.

## ६. वाहन रूप

चारही किंवा सहाही चाकं टेबलाला टेकतात का? काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहा, कापडावर कळत नाही. उतारावर सोडल्यावर सरळ जाते की पोट घासतं? उचलल्यावर काही लोंबतं का? गाडी उलटी करून खालचा फोटो काढा. हात, मुठी, कधी अख्खा चेहरा खालून दिसतो. त्यात गैर काही नाही, पण बाजूने पाहतानाही रोबोटचे हात दिसत असतील तर ते सांगायला हवं.

शस्त्रं वाहनावर कुठे बसतात तेही पाहा. जनरेशन्समध्ये शस्त्रांच्या मुठी साधारण ५ मिमीच्या असतात आणि स्फोटाचे प्रभाव दाखवणारे तुकडे ३ मिमीच्या खुंट्यांवर बसतात. दुसऱ्या एखाद्या फिगरचं शस्त्र लावून बघा. भोक घट्ट असेल तर ठोकून बसवू नका, भोवतालचा पातळ प्लॅस्टिक फाटतो.

## ७. रोबोट रूप

आता पुन्हा रोबोट करा. या वेळी चित्रण नको, पण वेळ लावा.

सांधे वरून खाली, ठरलेल्या क्रमाने तपासा: मान, खांदे, दंड, कोपर, मनगट, कंबर, नितंब, मांडी, गुडघा, घोटा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: किती फिरतो आणि सोडल्यावर तिथेच राहतो का. ‘सांधे चांगले आहेत’ या वाक्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. ‘कोपर नव्वद अंशांच्या थोडं पुढे जातो, ट्रकचं दार दंडावर राहिल्यामुळे त्यापलीकडे अडतो’ यातून मिळतं.

घोट्याकडे विशेष लक्ष द्या. घोटा बाजूला झुकत नसेल तर पाय फाकवून उभं केलेली फिगर तळव्याच्या कडेवर उभी राहते आणि थोड्या वेळाने पडते. मग लोक खापर नितंबाच्या सांध्यावर फोडतात.

‘किबल’ हा शब्द संग्राहक सर्रास वापरतात: रोबोटच्या अंगावर उरलेले वाहनाचे नको असलेले भाग. तो दोष म्हणून लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा भाग पोझ घेताना आड येतो का? आणि पात्राच्या मूळ रूपात तो तिथे आहेच का? बम्बलबी या पात्राच्या पाठीवरची गाडीची दारं पंखांसारखी दिसतात आणि ती त्याची ओळख झाली आहेत. पण ट्रकचं अख्खं छप्पर पाठीवर घडी होऊन बसलं आणि फिगर मागे कलली, तर तो तोलाचा प्रश्न आहे.

‘पार्ट्सफॉर्मिंग’ म्हणजे रूपांतरात भाग काढून दुसरीकडे लावावे लागणं. ते असेल तर लपवू नका. नुसती शस्त्रं काढावी लागत असतील तर मात्र हा शब्द वापरू नका.

## ८. पाच रूपांतरं आणि एक रात्र

एका रूपांतरावर लिहिलेलं परीक्षण ही पहिली ओळख असते. निदान पाच वेळा करा. तिसऱ्या वेळी पत्रिका बाजूला ठेवा आणि घड्याळ लावा. पाचव्यानंतर चौथ्या टप्प्यातले फोटो समोर ठेवून त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्या. खांद्याच्या कडा, गुडघ्यामागची बाजू, छातीच्या खिडक्या. रंग कुठे घासला ते शेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं. आता ‘पाच रूपांतरांत डाव्या खांद्याच्या कडेचा रंग गेला’ असं ठामपणे लिहिता येईल. हा शेरा वाचकाच्या फिगरलाही लागू पडण्याची शक्यता मोठी आहे.

मग एक पाय किंचित पुढे घेतलेल्या पोझमध्ये रात्रभर उभी करा. पंखा चालू असला तरी चालेल, घरात तो असतोच. सकाळी कलली असेल तर कुठला सांधा घसरला ते पाहा. जड पाठीच्या फिगरमध्ये बहुतेकदा घोटा घसरतो.

इशारा: सांधा कुरकुरतो म्हणून स्वयंपाकाचं किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. पेट्रोलियमपासून बनलेली काही तेलं ताणाखालच्या प्लॅस्टिकला चिरा पाडतात. गरज पडलीच तर सिलिकॉन ऑइलचा एक थेंब, तोही परीक्षण संपल्यावर.

## ९. फोटो

पुरावा म्हणून काढलेले फोटो झाले. आता लेखासाठीचे. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलं की पुढचा पाय फुगतो आणि डोकं लहान दिसतं, मग प्रमाणबद्धतेवर उगाच टीका होते. थोडं मागे सरा आणि दुप्पट झूम वापरा. खिडकीवर बटर पेपर लावला की उजेड मऊ पडतो. लाल रंग मोबाइलमध्ये हमखास भडक होतो, म्हणून चौकटीत एक पांढरा कागद ठेवा आणि नंतर त्यावरून रंग सुधारा. ऑप्टिमसचा लाल नारिंगी दिसला की लोकांना वाटतं, वेगळी आवृत्तीच आली.

एक फोटो शेजारी ओळखीची फिगर ठेवून, आणि एक हातात धरून. आकाराची कल्पना फूटपट्टीपेक्षा हातावरून जास्त येते.

## १०. लिहिणं

वहीतल्या प्रत्येक तक्रारीपुढे तीनपैकी एक अक्षर टाका: ‘र’ रचनेचा दोष, ‘न’ माझ्या नगाचा दोष, ‘ह’ माझ्या हातून झालेला. ‘र’ लेखाच्या मुख्य भागात जातो. ‘न’ वेगळ्या परिच्छेदात, ‘माझ्या नगात’ असं स्पष्ट म्हणून. ‘ह’ लिहायचा तो इतरांनी तीच चूक टाळावी म्हणून, फिगरचे गुण त्यावर कापायचे नाहीत. शंका असेल तर ‘र’ लिहू नका. त्याच फिगरच्या दुसऱ्या मालकाला आधी विचारा, दोन-तीन नगांत तेच दिसलं तर रचनेचा दोष म्हणा.

किंमत लिहिताना तुम्ही प्रत्यक्ष किती मोजले ते लिहा आणि तो आकडा कसा झाला तेही. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे अमेरिकेतल्या छापील किमतीचं रुपयांत रूपांतर करून ‘स्वस्त आहे’ म्हणणं पुण्या-नागपूरच्या वाचकाला काही कामाचं नाही. बाहेरून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून आणली असेल तर तसं सांगा. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी वाचकाचा हिशेब वेगळा असतो. फिगर भेट म्हणून मिळाली असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

पायऱ्यांचा छापील आकडा आणि तुमचा अनुभव शेजारी ठेवा. बॉक्सवर तीस पायऱ्या छापल्या आहेत आणि तुम्हाला पाचव्या वेळी सहा मिनिटं लागली, एवढं पुरेसं आहे. ‘सोपं’ किंवा ‘अवघड’ काय ते वाचक ठरवेल.

लेख प्रसिद्ध झाल्यावर फिगर लगेच विकू नका. सहा महिन्यांनी, एक पावसाळा मध्ये गेल्यावर, पुन्हा खाली काढा. स्टिकरच्या कडा सुटल्या आहेत का, स्क्रूच्या डोक्यांवर गंज आला आहे का, पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं आहे का, रबरी टायर चिकट झालेत का ते पाहा. मूळ मजकूर पुसू नका, त्याखाली तारीख टाकून नवी नोंद जोडा.